राखणदाराचं सरबत

दारूबंदी समितीचं अध्यक्षपद मिळालं, तर पोपटला फायदा असा होता : ग्रामपंचायतीत हातवाली खुर्ची, रोह्याच्या मेळाव्यात हार, खांब गावच्या नाक्यावरच्या फलकावर फोटो, आणि त्या फलकाखालून भरतला रोज मोटरसायकल न्यावी लागणार. भरत शाळेपासून त्याच्या पुढेच होता. पहिल्या तीन गोष्टी मिळाल्या नसत्या तरी पोपटचं भागलं असतं. चौथी हवीच होती.

पात्रतेचा प्रश्न नव्हता. कंपनीत उभा जन्म पाळ्या करूनही पोपट कधी दारूला शिवला नव्हता. अडचण होती ती राखणीची. वालाच्या शेंगा भरल्या की शिवेवरच्या राखणदाराला कोंबडा आणि बाटली द्यायची, अशी गावाची रीत. पुरुषांनीच जायचं, तिथेच शिजवायचं आणि तिथेच संपवून यायचं. उरलंसुरलं शिवेच्या आत आणलं, तर राखणदार मागोमाग येतो आणि घरातच मुक्काम ठोकतो. आणि यंदा बायजाच्या महिला मंडळाने दारूचा थेंब गावात दिसता कामा नये, असा ठराव करून ठेवलेला.

"कोंबडा दिलास रं पोपटदादा," भरतने भरसभेत विचारलं, "पन देवाला पाजशील काय? ताक?"

"सरबत!" पोपट म्हणाला. शब्द तोंडातून निसटला तो निसटलाच.

सभा हसली. राखणीचा मान ज्याच्याकडे होता तो म्हातारा काळुराम मात्र हसला नाही. "माझ्या बापानं बाटली दिली, आज्यानं दिली. देव ठराव वाचीत नाय."

"आमी वाचून दाखवू," बायजा म्हणाली. "पोपटभावजी, सरबत तुमीच आना."

"आनि देव कोपला तर?" भरत म्हणाला.

"कोपला तर अध्यक्ष तू हो!" पोपट तिरीमिरीत बोलून गेला. सभेने ते लगेच उचलून धरलं. राखण सुखरूप पार पडली तर पोपट अध्यक्ष, नाहीतर भरत. फैसला राखणीच्याच संध्याकाळी.

राखणीच्या सकाळी पोपटची बायको अनिता पेणला, रामवाडीत बहिणीकडे गेली होती. घरात एक लिंबू नव्हतं. कोकमाचा आगळ होता, पण त्याला बुरा आला होता. पोपटने सगळे डबे उघडून पाहिले आणि मग त्याला तांदळाच्या पिंपामागची बाटली आठवली. करवंदाचं सरबत. अनिता दर वर्षी करायची आणि दर वर्षी बजावायची, "हात लावू नका. ते बायकांचं हाय. पुरुषांनी प्यालं तर मिशा गळतात."

पोपटला मिशीचा अभिमान होता, म्हणून त्याने आजवर त्या बाटलीचं बूचही हुंगलं नव्हतं. पण देवाची गोष्ट निराळी. राखणदाराला मिशा होत्या, मात्र त्या शेंदरावर काळ्या रंगाने काढलेल्या. त्या गळण्याचा संभव नव्हता. पोपटने बाटली पिशवीत घातली.

आता त्या बाटलीचं कूळ सांगायला हवं. अनिताची बहीण शिल्पा मोबाइलवर बघून ते शिकली होती आणि त्याला 'लिक्यूर' म्हणायची. पिकली करवंदं, करवंदांइतकीच साखर, आणि वर बरणीच्या गळ्यापर्यंत ब्रँडी. ब्रँडी शिल्पाचा नवरा आणून द्यायचा. कशाला, हे विचारायची त्याला घरात मुभा नव्हती. वैशाखात घातलेलं दिवाळीनंतर गाळायचं. मंगळवारच्या भिशीला अनिता ते हळदीकुंकवाच्या अत्तरदाणीएवढ्या पेल्यांतून द्यायची. भिशीतल्या बायका दारूच्या कट्टर वैरी होत्या. पण दारू दुकानात विकत मिळते. हे बरणीत मुरतं. म्हणजे जात लोणच्याची.

दुपारी शिवेवर कोंबडा चुलीवर चढला. काळुरामने नाक मुरडत राखणदाराच्या पायाशी धार सोडली. "रंग तरी बरा हाय," एवढंच म्हणाला. मग पळसाचे द्रोण फिरले. पहिला द्रोण अर्थातच पोपटचा.

गोड लागलं. मग घशातून ऊन उतरल्यासारखं झालं आणि ते पोटात जाऊन बसलं. पोपटचा हात आधी मिशीकडे गेला. मिशी जागेवर होती.

काळुरामने एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग काठी आपटून उभा राहिला. "देवानं सरबत ठेवलं नाय रं! गड्यांनो, देवानं त्याचं त्यानं करून घेतलं!"

"व्हय काय?" भरत म्हणाला. "बघू." त्याने खात्री करायला एक द्रोण घेतला. खात्री पुरेशी झाली नाही म्हणून आणखी एक. तिसऱ्याला त्याने पोपटच्या गळ्यात हात टाकला. "दादा, तुज्या हातात देव हाय रं. शाळेत मीच तुजी पाटी फोडली होती."

पोपटच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला, पण पडला तो लख्ख. मंगळवारच्या भिशीनंतर बायका गाणी म्हणत घरी का जातात, बायजा एकदा पोपटच्याच चपला घालून का गेली, हे सगळं एकदम कळलं. खरं बोलावं, तर दारूबंदीच्या होऊ घातलेल्या अध्यक्षाच्या घरात, तांदळामागे, दारू. न बोलावं, तर चमत्कार. पोपटने राखणदारापुढे साष्टांग लोटांगण घातलं. थोडं भक्तीने, थोडं पायांचा भरवसा उरला नव्हता म्हणून.

"बाटली संपवायला पायजे," भरत बजावत होता. "रीत म्हंजे रीत. आत न्यायची नाय." त्याच्याइतका रीतीचा अभिमानी त्या दिवशी शिवेवर दुसरा नव्हता.

उन्हं कलली तेव्हा मंडळी भलतीच आरती म्हणत परतली. शिवेच्या आत महिला मंडळ पदर खोचून उभं होतं.

"हां करा," बायजा तोंडाशी नाक नेत म्हणाली.

काळुरामने हां केलं. भरतने केलं. पोपटने तोंड मिटून नमस्कार केला, पण बायजाने वास नमस्कारातूनही हेरला. "आरं देवा! समद्यांनी ढोसलीय! आनि आनली कोनी?"

भरतला आयतीच संधी होती. त्याने पोपटकडे बोट रोखलंही. मग आपलंही हां नुकतंच होऊन गेलंय, हे त्याच्या ध्यानात आलं. बोट त्याने तसंच आभाळाकडे वळवलं. "देवानं आनली, वहिनी! सरबताची केली! मी सोता बघितलं. तीनदा."

"बाटली दावा."

काळुरामने रिकामी बाटली पुढे केली. रिकाम्या काचेमागोमाग राखणदार येत नाही, म्हणून ती आत आणायला रीतीची हरकत नव्हती. बायजाने ती पालथी केली, तळाचा थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. मग तेच बोट पुन्हा एकदा चाटून पाहिलं.

नेमकी त्याच वेळी खांबहून आलेली विक्रम रिक्षा थांबली आणि अनिता उतरली. तिने बाटली पाहिली. मग नवरा पाहिला. मग बायजाकडे पाहिलं. बायजाने तिच्याकडे पाहिलं. मंगळवार फार लांब नव्हता.

"काय गो बायजे?" काळुरामने विचारलं.

"चमत्कारच हाय," बायजा सावकाश म्हणाली. "दारूला असला वास नसतो."

बाटली मंडळात फिरली. प्रत्येकीने बोट लावलं, प्रत्येकीला साक्षात्कार झाला. "अगो, मागच्यापरीस बरं मुर—" असं एक जण बोलू लागली, तेवढ्यात बायजाचं कोपर तिच्या बरगडीत बसलं आणि उरलेला शब्द 'मोरया' झाला.

अध्यक्षपदी पोपट, एकमताने. सूचक भरत. शिवाय एक पोटठराव : राखणीचं सरबत यापुढे अध्यक्षांच्या घरूनच जावं, देवाला तेच मानवलंय.

घरी आल्यावर अनिताने पिशवी खाली टाकली. "हात लावू नका म्हनले होते ना?"

"मिशा गळतील म्हनालीस, दारू हाय म्हनाली नाहीस."

"दारू?" अनिताने कानांवर हात ठेवले. "अध्यक्षांच्या घरात? काय तरी बोलता. आनि ऐका, यंदा वैशाखात करवंदं तुमी आनायची. दोन बरन्या घालीन म्हनते. एक देवाची."

"आनि दुसरी?"

"ठरावाला आधी हात वर कोनी केले? मंडळानंच ना?"

तेव्हा एकंदर जमाखर्च असा : पोपटला खुर्ची, हार आणि फोटो, वर करवंदीचे हातभर काटे. भरत फलकाखालून खुशाल जातो. पुढची राखण कधी, एवढंच विचारतो. काळुरामच्या देवाला बाटली, मंडळाला दारूमुक्त गाव, अनिताला देवाचा परवाना. रोख चुकतं केलं ते एकट्या कोंबड्याने, आणि चुलीवर चढताना त्याला कोणी द्रोणभर सरबतसुद्धा विचारलं नाही.