ब्रॅन्डवोल्डबाईंची पिकअप

अनुदान कसं मिळवायचं, हे जगानं माझ्याकडून शिकावं! नेब्रास्कातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या व्यवसाय शिक्षण विभागाचा मी प्रमुख. वेल्डिंगवाल्यांना, नर्सिंगवाल्यांना पैसे मीच आणून दिले. राहिला होता मोटार दुरुस्तीचा वर्ग. गाड्या उचलायची त्यांची एकुलती एक लिफ्ट मान टाकून बसली होती. नवी मिळाली नाही तर वर्गाला कुलूप, आणि आमचा मास्तर अर्डेल हॉइट घरी!

म्हणून अनुदान समितीच्या अध्यक्षा ब्रॅन्डवोल्डबाई पाहणीला येणार म्हटल्यावर मी जय्यत तयारी केली. चेरी पाय, म्हणजे चेरी भरलेलं गोड पक्वान्न, मागवलं. मागच्या वर्कशॉपच्या दारातली जागा बाईंच्या गाडीसाठी झाडून घेतली. एरवी तिथे लोक दान केलेले खटारे आणून सोडतात, किल्ली आतच ठेवून. मग आमची मुलं ते खोलून शिकतात. आज जागा पाहुण्यांची आहे, हे अर्डेलला सांगायचं तेवढं राहिलं.

उलट सांगितलं ते असं: "बाई आल्या की एकही हात रिकामा दिसता कामा नये!"

"पण साहेब, खोलायला गाडी कुठाय?"

"येईल रे! दारात रोज येतात की!"

मी पुढच्या फाटकावर काळ्या सरकारी गाडीची वाट बघत उभा. तेवढ्यात मागून रबरी बूट घातलेल्या एक बाई आल्या.

"मी ब्रॅन्डवोल्ड. गाडी लावायला मागे छान जागा मिळाली हो!"

मी खूश! ऑफिसात बसवून चेरी पाय खिलवला, तासभर तक्ते दाखवले. बाई जांभया दाबत होत्या. शेवटी त्यांना वर्कशॉपमध्ये नेलं, आणि काय सांगू! मुलं नुसती तुटून पडली होती! इंजिन साखळीला लटकतंय, दारं भिंतीला टेकलीत, चाकांची उतरंड लागलीय!

"वा!" बाई म्हणाल्या. "तासाभरात एवढं?"

"मग! आणि खटारा तरी बघा. कुणा चिक्कू म्हातारीनं वैतागून टाकून दिलेला दिसतोय!"

बाईंनी जमिनीवरची सीट पाहिली. सीटवरची घोंगडी उचलली. हुंगली.

"ही माझ्या कुत्र्याची आहे."

वर्कशॉपमध्ये पाना पडल्याचा आवाज झाला.

"किल्ली आतच होती, बाई," अर्डेल पुटपुटला.

"मग कुठे असणार? मी काय शेजाऱ्यांना चोर समजते?" बाई कडाडल्या. "आता जोडा!"

"खोलायला हात पुरतात, बाई," अर्डेल म्हणाला. "जोडायला लिफ्ट लागते."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग लटकत्या इंजिनाकडे. मग एकदम खदाखदा हसल्या. एवढ्या, की मलाच त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"सबंध राज्यात पैसे मागणारे खूप भेटले. माझी गाडी ओलीस ठेवणारे तुम्हीच पहिले! लिफ्ट मंजूर!"

मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं. अर्डेलचे डोळे भरून आले. मीही छाती काढली. तेवढ्यात बाईंनी माझ्यापुढे हात पसरला.

"तोवर मी घरी कशी जाऊ?"

मी नुकतीच नवीकोरी गाडी घेतली होती. किल्ली सवयीनं आतच होती; बाई बसल्या आणि निघाल्या.

लिफ्ट आली, वर्ग वाचला, पिकअपही जोडून झाली. मी मात्र अजून पायीच कॉलेजात येतो. कारण पिकअप जोडल्यावर मूठभर बोल्ट उरलेत, आणि ते कुठले हे कळेपर्यंत बाई माझी गाडी सोडायला तयार नाहीत. त्यांच्या कुत्र्याला म्हणे तिची सीट फार आवडलीय!