बापूचा चार तासांचा डाव

सोंगट्यांचा डाव ऐन रंगात आलेला असावा, एका दानात सोंगटी घरात जाणार असावी, आणि तेवढ्यात घड्याळाचा गजर वाजला की आमचा बापू पट सरळ गुंडाळून टाकायचा. स्वतः जिंकत असला तरी. खेळणारे गडीही असे गुणाचे, की कुणी कुरकुर करत नसे. मुकाट उठायचे आणि एकामागून एक परसातल्या न्हाणीकडे चालू लागायचे.

हे सगळं मी समोरून बघायचो. पौडच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान, आणि रस्त्यापलीकडे बापूची ओसरी. पाय मशीनवर, डोळे तिकडे. एकदा पाटलांच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावून बसलो, ते याचपायी.

जळायला कारणही होतं. बापू नि मी लहानपणापासूनचे जोडीदार. त्याला सोंगट्या शिकवल्या त्या मी. पुढे तो पलटणीत गेला, तिथल्या दवाखान्यात मलमपट्टी शिकला, आणि परतल्यावर गावातल्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागला. लग्न केलं नव्हतं. मला वाटलं, चला, आता रोज संध्याकाळी पट मांडू. कसलं काय! एरवी हा सायकलवरून वाड्यावस्त्यांवर पट्ट्या बांधत फिरणार, आणि खेळणार फक्त बाजाराच्या दिवशी, तेही परगावच्या लोकांशी. कुणी भऱ्याचा, कुणी घोटावड्याचा. मी पायरी चढलो की म्हणायचा, "मास्तर, हितं तुजं काम न्हाई. जा, शिवन कर."

त्याचं एक पालुपद होतं: "कमी लावा, येळेवर धुवा." हे तो कशालाही लावायचा. मी डोक्याला तेल चोपडलं की, "मास्तर, कमी लाव." माझा मेव्हणा भावाशी भांडून आला, तर त्यालाही तेच. "राग आसाच आसतो. कमी लावावा, येळेवर धुवावा." मेव्हण्यानं मान डोलवली. मी म्हणालो, यात काय डोंबलाचं शहाणपण आहे?

सगळ्यांत डोळ्यांत खुपायचा तो कोळवणचा एक मिशाळ गडी. अख्खा पावसाळा दर बाजाराला यायचा. बापू त्याला चहा द्यायचा, त्याच्या पाठीवर थाप मारायचा. माझ्या पाठीला काय काटे होते? रात्री जेवताना मी त्या मिशांचं नाव काढलं, तर बायको म्हणाली, "अवो, सवत आल्यावानी काय करताय?"

शेवटी एका बाजाराला मी दुकान बंद केलं आणि जाऊन पटासमोर फतकल मारली. बापूचा चेहरा पडला.

"ऊठ मास्तर. लोक बघत्यात."

"बघू देत. दान टाक."

माझ्या शेजारी भऱ्याचा एक गडी पाय फाकवून बसला होता. सगळेच तसे बसले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तो माझ्या कानाशी लागला.

"मास्तर, तुमाला बी आलं व्हय? कुटं?"

"काय आलं?"

"कोंब."

बापूनं मला दंडाला धरून माजघरात नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. या गड्यांना नको त्या जागी चामखिळीसारखे कोंब आले होते. संगतीतून येतात, नवऱ्याचे बायकोला जातात. बाजाराच्या दिवशी पुण्याचे डॉक्टर दवाखान्यात येत, तपासत, बायकोलाही दाखवून आणायला सांगत. मग बापू भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन फासायचा आणि काडीला कापूस गुंडाळून तपकिरी, चिकट औषध नेमकं कोंबावर टेकवायचा. चार तासांनी ते साबणानं धुवायचं. राहिलं तर कातडी भाजते. पूर्वी लोक तसेच घरी जायचे, आणि जास्त वेळ ठेवलं की लवकर गुण येईल म्हणून धुवायचेच नाहीत. एक जण तर दुसऱ्या दिवशी बैलगाडीत पालथा पडून परत आला होता. तेव्हापासून धुतल्याशिवाय बापू कुणाला सोडत नसे. पण एवढे बाप्ये ओसरीवर नुसते बसवले तर गाव विचारणार, म्हणून पट.

खरं सांगतो, धडधाकट असल्याचं मला जन्मात पहिल्यांदा वाईट वाटलं. म्हणजे रोग नाही म्हणून मला जागा नाही?

"मी नुसता खेळायला येतो," मी म्हणालो. "कुणाला काही सांगणार नाही."

"न्हाई," तो म्हणाला, आणि मला परसातल्या दारानं बाहेर काढलं. मी फणकाऱ्यानं घरी गेलो. कारण कळलं, पण पोटातलं दुखणं काही थांबेना.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा बापू सदऱ्याचं बटण लावून घ्यायला माझ्या दुकानात आला. बाजार फुललेला. समोरून तो कोळवणचा मिशाळ बायकोपोरांसह येत होता. बापूचा चेहरा खुलला. त्यानं हात वर केला. गड्यानं बापूकडे पाहिलं, चांगलं पाहिलं, आणि मान वळवून कासाराच्या बांगड्या बघत पलीकडून निघून गेला.

माझं डोकं फिरलं. ज्याच्यावर मी अख्खा पावसाळा जळलो, तो हा? मी उठलो, तर बापूनं माझी बाही धरली.

"बोलू नगं. बरा झालाय त्यो."

"बरा झाला म्हणून ओळख विसरला?"

"समदेच इसरत्यात. मला राम राम घातला की लोक इचारनार, तुमची वळख कुटली. लगीनसराईत मला कुनाच्या अक्षता येत न्हाईत, मास्तर." तो सदऱ्याच्या बटणाकडे बघत होता. "माज्या वसरीवर जो बसला, त्यो फुडं रस्त्यात मला चुकवनार. तू बसला आसतास, आन् उद्या ह्ये फुटलं, तर गावानं तुला बी त्यातलाच धरला आसता. मग तू बी चुकवला आसतास. म्हनून तुला लांब ठेवला. येक मानूस तरी ऱ्हायला हवा का नगं?"

मी सुई खाली ठेवली, आणि पार कासाराच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "बापू, राम राम!"

तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

"राम राम, मास्तर," तो म्हणाला.