एजंटाचा पाहुणचार

आधी फायदा मांडतो, म्हणजे माझ्या हुशारीची कल्पना येईल. नोकरी पुण्याच्या कंपनीची आणि बसायचं नेकनूरला, स्वतःच्या ओसरीवर! बायकोच्या, रोहिणीच्या, हातची गरम भाकरी जमा, दुपारची झोप जमा, रस्त्यावरची धक्काबुक्की वजा. अट एकच. पुण्याचे आमचे मोहनराव साहेब म्हणाले होते, "शिवशंकर, महिनाभर तुमच्या कार्यालयाविरुद्ध एकही तक्रार आली नाही, तर कायमचा गावात राहा. एक जरी आली, तर पुणं!"

तक्रार येणार कुठून? काम मी करतच नव्हतो! आमची कंपनी ठिबकच्या नळ्या आणि पंप विकते. पंप बंद पडला की शेतकरी व्हॉट्सॲपवर कळवतो आणि आमचा एआय एजंट, म्हणजे संगणकातला बिनपगारी कारकून, त्याच्याशी बोलून मेकॅनिकची वेळ ठरवतो. मी फक्त पडद्याकडं बघायचं. गिऱ्हाईक खूश तर हिरवा ठिपका, कुरकुरलं तर पिवळा, तक्रार आली तर लाल.

एजंटाची खोड एवढीच, की तो बँकेच्या नोटिशीसारखा बोलायचा. पिवळे ठिपके दिसायला लागले. मी त्याच्या सूचनांत भर घातली : 'आपल्या माणसांसारखं बोल. कुणाला कोरडं वाटेला लावू नकोस. चहाला या म्हण.'

आता आपण बीडचे लोक सुटलेल्या एसटीच्या खिडकीतल्या माणसालाही चहाला या म्हणतो. तो 'येतो की' म्हणतो. कुणी येत नसतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. एजंटाला ठाऊक नव्हतं! त्यानं 'या' म्हटलं, वरून वार आणि वेळ ठरवली, पत्ताही पाठवला. आणि जिल्हा कार्यालयाच्या रकान्यात मी माझ्याच घराचा पत्ता भरलेला.

गुरुवारी मांजरसुंब्याचे शेतकरी आसाराम दोन शेजारी घेऊन दारात हजर!

"बोलीवलंय म्हून आलो."

"कोणी बोलावलं?"

"तुमच्या त्या एजंट सायबांनी. लई गोड मानूस! इतका मान तर माज्या सासऱ्यानं बी कधी दिला न्हाई!"

शनिवारपर्यंत ओसरीवर साखरपुड्याची गर्दी. चहाचं पातेलं चुलीवरून उतरेना.

"अहो, हे तुमचं ऑफिस आहे की हायवेवरचा ढाबा?" रोहिणीनं विचारलं.

मी पडदा बघितला. सगळे ठिपके हिरवेगार, पाणी पाजलेल्या लसूणघासासारखे! बिघाड म्हणजे लाल, एवढंच मला माहीत. हिरव्यातसुद्धा बिघाड असतो, हे माझ्या डोक्यात यायला दूधवाल्याला उधारी बंद करावी लागली. शेवटी एजंटाच्या कामाची नोंद उघडून वाचली. ओळीओळीला 'चहाचं निमंत्रण दिलं. ग्राहक आनंदित.'

मी लगेच सूचना टाकली : 'चहाला बोलावू नकोस.'

"झालं! एका ओळीत मिटवलं," मी छाती फुगवून रोहिणीला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक अकराऐवजी एकला यायला लागले. जेवायला! चहाला बोलवायचं नाही आणि कोरडं वाटेलाही लावायचं नाही. एजंटानं दोन्ही सूचना इमानानं पाळल्या होत्या. आसाराम तर हात धुऊनच बसले होते. रोहिणीनं पिठाचा डबा माझ्यासमोर उलटा करून दाखवला. चिमूटभरसुद्धा पडलं नाही.

मग मी घाईघाईनं लिहिलं : 'सगळी निमंत्रणं रद्द कर. बायको चिडली आहे.' कारण सांगितलं की एजंट जास्त समजून काम करतो, असं कुठंतरी वाचलं होतं. त्यानं फारच समजून केलं. सगळ्यांना निरोप गेला : 'दिलगीर आहोत. शिवशंकररावांच्या पत्नी चिडल्यामुळं रविवारचं जेवण रद्द.'

आता नवरा-बायकोचं बिनसलंय म्हटल्यावर आपल्याकडं कोण घरी बसतं? रविवारी जीप भरून माणसं आली, भांडण मिटवायला! पुढं आसारामच्या घरच्या, भिवराबाई. कंपनीच्या जुन्या गिऱ्हाईक, शेत त्यांच्याच नावावर.

"कावून भांडलीस गं पोरी? मारतो का?"

"नाही हो, मावशी."

"पितो?"

"स्वतः नाही. गावाला पाजतो!"

"अहो मावशी, भांडण नाहीच! सॉफ्टवेअरचा घोटाळा आहे," मी मधे पडलो.

"समदे नवरे आसंच कायबाय म्हनत्यात. गप ऱ्हा!"

रोहिणीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. भिवराबाईंनी कमरेचा फोन काढला, बटण दाबून धरलं आणि थेट एजंटाशी बोलल्या.

"बाबा एजंटा, तू लई गुनाचा हायेस. पन हे हिचं घर हाय, धर्मशाळा न्हाई. ह्या मानसाला आन् त्याच्या हापीसाला पुन्याला ने."

मी पडद्याकडं धावलो. लाल ठिपका! महिन्यातला पहिला! मी माऊस धरेपर्यंत एजंटानं तक्रार मोहनरावांकडं पोचवली, त्यांनी होकार दिला आणि ठिपका पुन्हा हिरवा. नोंद अशी : 'तक्रार : घरात कार्यालय. उपाय : कर्मचाऱ्याची पुण्याला बदली. ग्राहकाचं समाधान : पाच तारे.'

रोहिणीनं माझी बॅग भरून दिली. स्वतःची नाही.

आता शेवटचा हिशोब. आसारामला जेवण मिळालं, भिवराबाईंना मान मिळाला, रोहिणीला ओसरी मिळाली. एजंटाला तर बढती मिळाली, आता तो अख्खा मराठवाडा सांभाळतो. भुर्दंड भरला तो मी एकट्यानं, आणि तोही कुणी न मागता, स्वतःच्या हातानं टाइप करून!