दिल्लीमार्गे सुरत

सारंगखेड्याहून सुरतेला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नंदुरबारला जाऊन गाडीत बसावे, शेंगा खाव्यात आणि सुरत आली की उतरावे. हा अडाणी लोकांचा मार्ग. दुसरा मार्ग मुंबई आणि दिल्लीवरून जातो. तो आमच्या हेमकांतने शोधून काढला आणि त्यासाठी त्याला काही वर्षे अभ्यास करावा लागला.

हेमकांत माझा शेजारी. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरी, तापीकाठी थोडी केळी, घरात आई भिकुबाई आणि बायको चारुलता. सुपारीचेही व्यसन नाही. असा सरळ माणूस एके दिवशी क्रेडिट कार्ड घेऊन बसला. कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर फुकट विमानप्रवास मिळतो, हे त्याला कळले. तेव्हापासून गावात कुणी रोखीने काही घेताना दिसला, की त्याला अन्न गोड लागेनासे झाले.

लोकांचे खत, सिमेंट, ट्रॅक्टरचे टायर, लग्नाच्या साड्या, सगळे तो स्वतःच्या कार्डावर घेऊन देई आणि रोख रक्कम आपल्याकडे घेई. आमच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो; तिथे गावातल्या हिलालभाऊंनी घोडी पसंत केली. व्यापाऱ्याने रिवाजाप्रमाणे हातावर रुमाल टाकला, आत बोटे दाबून सौदा ठरला आणि रुमाल उचलला तर आत तिसरा हात होता. हेमकांतचा, कार्डासकट. नंतर बँकेतून फोन आला, की घोडी पाळण्यासाठी घेतली की प्रवासासाठी? प्रवासासाठी असेल तर पाचपट पॉइंट. हेमकांतने हिलालभाऊंना घोडीवर बसवले, हातात पिशवी दिली, एस.टी. स्टँडसमोर उभे केले आणि फोटो पाठवला. पाचपट पॉइंट मंजूर झाले. हिलालभाऊंची कंबर धरली ती धरलीच.

पण पॉइंट जमवणे हे पोरखेळाचे काम. खरी विद्या ते वापरण्यात आहे. हेमकांतच्या मते पॉइंट नुसते खर्चायचे नसतात, त्यांचे मूल्य काढायचे असते. पॉइंटांवर मिक्सर घेणारा मूर्ख, रेल्वेचे तिकीट काढणारा महामूर्ख. विमानातही जो सरळ जातो तो फसतो. जितका वळसा मोठा, तितके मूल्य अधिक. चारुलता एकदा म्हणाली, तोरणमाळला तरी जाऊन येऊ. हेमकांतने तिच्याकडे दयेने पाहिले आणि सांगितले की तोरणमाळला विमानतळ होईपर्यंत आपण थांबू. अशा रीतीने जगभर फिरण्याची ऐपत असलेला हा माणूस इतकी वर्षे शहाद्याच्या पुढे गेला नाही.

मग उधन्याहून धर्मेंद्रचा फोन आला. उधना म्हणजे सुरतेचेच अंग. तिथे भिकुबाईंची थोरली बहीण रमिलाबाई राहते आणि धर्मेंद्र तिचा मुलगा. हेमकांत लहानपणी याच मावशीच्या कडेवर वाढलेला. आता तिने अन्नपाणी सोडले होते. धर्मेंद्र म्हणाला, “मावशी, माय खास नही, पेस नही, फक्त तुलेच इचारी ऱ्हायनी. तू लवकर ये.”

भिकुबाईंनी तासाभरात गाठोडे बांधले. “हेमकांत, माले सकायनी गाडीमा बसाडी दे.”

“माय, तू कधी विमानमा बठनी का? यंदा तुले विमानमाच लई जास.”

“आरे, सुरत ते आठेच शे!”

“आठेच शे, हाच ते घोटाळा शे! जितलं जवळ, तितलं पॉइंटले मोल कमी.”

हेमकांत वाईट माणूस नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आईला विमानात बसवायचे हे त्याच्या मनात खरोखरच होते. त्याने मोबाइल उघडला. नंदुरबारहून रेल्वेने मुंबई, मुंबईहून विमानाने दिल्ली, दिल्लीहून विमानाने सुरत. मूल्य डोळे दिपवणारे! फक्त पॉइंटांवरच्या जागा पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी खुल्या होत्या. धर्मेंद्रला तसे कळवण्यात आले. रोज सकाळी भिकुबाई गाठोडे दारात आणून ठेवत आणि रोज संध्याकाळी चारुलता ते आत नेई.

तो मंगळवार उजाडला. नंदुरबारहून मायलेक मुंबईच्या गाडीत बसले. हे तिकीट अर्थात रोखीने, कारण रेल्वेवर पॉइंट घालवण्याइतका हेमकांत अजून भ्रमिष्ट झाला नव्हता. आता नंदुरबारहून मुंबईला जाणारी गाडी कुठून जाते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती उधन्यावरून जाते. नुसती जात नाही, तिथे थांबते.

गाडी थांबली. गाडी ठाऊक असल्याने धर्मेंद्र फलाटावर उभा होता. “मावशी, उतर! भाईर रिक्षा उभी शे.”

भिकुबाईंनी गाठोडे उचलले. हेमकांत आडवा झाला. “माय, आठे उतरू नको! आपले सुरतले जावानं शे.”

“मंग हाई काय शे?”

“हाई बी सुरतच शे. पण आपण उद्या येसूत!”

डब्यातली माणसे ऐकू लागली. हेमकांतने त्यांनाही मूल्याचे गणित समजावून सांगितले, आणि सांगायला लाज वाटते, पण दोघा-तिघांना ते पटलेसुद्धा. भिकुबाईंना पटले नाही. “मी तुन्हा पॉइंटले वळखत नही,” त्या म्हणाल्या, “मन्ही बहीणले वळखस.” आणि गुडघ्यावर हात ठेवत, धर्मेंद्रच्या खांद्याचा आधार घेत त्या उतरल्या.

हेमकांतलाही उतरता आले असते. दार उघडे होते. पण दोन्ही तिकिटे एकाच बुकिंगवर होती. एक माणूस गळाला तर नुकसान निम्मे, दोघे गळाले तर सगळे. गाडी हलली आणि मावशीचे घर हेमकांतच्या डोळ्यांसमोरून मागे गेले.

मुंबईच्या विमानतळावरून त्याने आईच्या तिकिटाचे पॉइंट परत मागायला बँकेला फोन लावला. ममता नावाच्या मुलीने फार गोड आवाजात विचारले, “प्रवासी न येण्याचं कारण सांगा सर. आजारपण, मृत्यू की नैसर्गिक आपत्ती?”

“यातलं काही नाही. त्या मुक्कामावर आधीच पोहोचल्या.”

“हे कारण आमच्याकडे नाहीये सर.”

तक्रार नोंदवली गेली. हेमकांतने विमानतळावरच्या, कार्डावर फुकट असलेल्या विश्रामदालनात आपल्या वाट्याचा उपमा खाल्ला, मग आईच्या वाट्याचाही खाल्ला. दिल्लीला धुके होते. विमान दुसऱ्या दिवशी सुटेल असे सांगितल्यावर तो आनंदला, कारण उपमा पुन्हा मिळणार होता. गुरुवारी तो सुरतेला उतरला आणि रिक्षा पॉइंटांत बसत नसल्याने उधन्यापर्यंत बसने आला.

तिकडे मंगळवारी काय झाले, ते भिकुबाईंनीच मला सांगितले. रमिलाबाईंनी डोळे उघडले आणि विचारले, “विमानमा उनी का वं?” भिकुबाई म्हणाल्या, “हा. वरतून तुन्हं घर दिखायनं.” रमिलाबाई हसल्या. मग दोघी बहिणी रात्रभर बोलत बसल्या.

हेमकांत पोहोचला तेव्हा अंगणात सतरंजी टाकलेली होती आणि माणसे खाली माना घालून बसली होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ममता होती.

“सर, तुमच्या तक्रारीत काही नवी माहिती आहे का?”

हेमकांतने सतरंजीकडे पाहिले. “मृत्यू,” तो म्हणाला.

“प्रवाशाचा का सर?”

“नाही. जिला भेटायचं होतं तिचा.”

“प्रवाशाची आणि त्यांची भेट झाली होती का?”

“आईची झाली.”

“म्हणजे प्रवासाचा हेतू सफल झाला. मग पॉइंट परत मिळणार नाहीत.”

“आणि माझं काय? माझी भेट नाही झाली.”

“पण तुम्ही पूर्ण प्रवास केलात ना सर? आमच्या नोंदीनुसार तुम्हाला सर्वोत्तम मूल्य मिळालंय. अभिनंदन!”

हेमकांत तिथेच मटकन बसला आणि ढसाढसा रडला. तो मावशीसाठी रडत होता असे सगळ्यांनी धरले. मीही तसेच धरून चालतो.

ही हकीकत मी शहाद्यापासून दोंडाईच्यापर्यंत अनेकांना सांगितली आहे. लोक हळहळतात, हेमकांतला नावे ठेवतात, कलियुगावर दोन शब्द बोलतात. मग जरा जवळ सरकून हळूच विचारतात, “पण ते पाचपट देणारं कार्ड कुठल्या बँकेचं?”

तुमच्याही तोंडावर तेच आले आहे, मला दिसते. सांगतो, लपवायचे काय त्यात? फक्त अर्ज भरताना शिफारस म्हणून माझा नंबर टाका, म्हणजे मलाही पॉइंट मिळतील. इथेच धुळ्याला माझी आत्या अंथरुणाला खिळली आहे. तिला बघायला जायचे आहे, थोडेच कमी पडताहेत.