ग्रबवेलसाहेबांना हसण्याची पद्धत

विनोद कळणे ही बाब ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून दिली, तर समाजात मोठी अव्यवस्था माजते. कोणी आधी हसतो, कोणी नंतर, कोणी मुळीच नाही. आणि ज्याने विनोद केला त्या बिचाऱ्याला आपण नक्की काय करून बसलो हेच समजत नाही. नाशिकपुरता हा प्रश्न सन १९९४ मध्ये कॉलेज रोडवरच्या एका दुसऱ्या मजल्यावर सोडवण्यात आला. त्या वेळी मंडळाचा कार्यवाह म्हणून मी हजर होतो, त्यामुळे पुढील माहिती अधिकृत समजावी.

तो दुसरा मजला वत्सलाबाई वडनेरे यांचा. बाईंनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि त्या अवधीत त्यांच्या वर्गात कोणी हसल्याची नोंद नाही. त्यांची एक विद्यार्थिनी इंग्लंडात नर्स होती. तिने बाईंना एक कॅसेट पाठवली आणि सोबत निरोप दिला की, हा गायक फार विनोदी आहे, बाईंना नक्की आवडेल. गायकाचं नाव लेस्ली ग्रबवेल. हे गृहस्थ तिकडच्या 'न्यू वेव्ह' म्हणजे नव्या लाटेतले. लाट इंग्लंडात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आली होती. नाशिकला पोचायला तिला पंधराएक वर्षं लागली. (वाटेत गंगापूर धरण आहे.)

कॅसेट ऐकण्यासाठी पाश्चात्त्य गीत आस्वाद मंडळ स्थापन झालं. सभासद नऊ. सगळे शिकलेले, सगळ्यांना इंग्रजी येत होतं. तार खात्यातून निवृत्त झालेले रावजी कुलथे तर आयुष्यभर इंग्रजीत बोलले, फक्त एका वेळी दहा शब्दांच्या आत. तरीही पहिल्या सभेत ग्रबवेलसाहेबांचं एक अक्षर कोणाला कळलं नाही. डब्यात गांधीलमाशी अडकावी तसा आवाज सुसाट धावत होता. पण विनोदी आहे हे आधीच कळवलेलं असल्यामुळे गप्प बसणं अशक्य होतं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर वत्सलाबाई हसल्या. त्यामागोमाग आम्ही आठ जण हसलो, आणि सभेत फार मोकळं वाटू लागलं.

यातूनच पद्धत ठरली. हसण्याची जागा बाई निश्चित करणार. त्यांच्यानंतर लगेच हसणारा आगाऊ, फार उशिरा हसणारा अडाणी. मधल्या वेळात हसणारा रसिक. पाचवं गाणं सर्वांत विनोदी ठरलं, कारण त्यात बाई चार वेळा हसत. पद्धत इतकी निर्दोष होती की वर्षभरात सभासदांची संख्या दुप्पट झाली आणि एका डॉक्टरांनी आपली रक्तदाबाची माणसं आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

अशा सुव्यवस्थेत पिंपळगाव बसवंतचा सोमनाथ विधाते आला.

बाईंची भाची पल्लवी येवल्याहून शिकायला येऊन आत्याकडे राहिली होती. तिच्यासाठी सोमनाथचं स्थळ सांगून आलं. घरची द्राक्षबाग, शेतकी पदवी, अंगाने उंच, बोलायला सरळ. तो थॉमसन द्राक्षांची पेटी घेऊन आला. बाईंनी चार मणी खाल्ले.

"द्राक्षं चांगली आहेत," त्या म्हणाल्या. "विनोदबुद्धीचं काय?"

"म्हणजे कसं, बाई?"

"रविवारी सभा आहे. बसा आमच्यात. मग बघू."

"इंग्रजी गाणी ना? इंग्रजी येतं मला. औषधांच्या डब्यावरचं सगळं वाचतो मी."

"त्यात विनोद असतो का?"

"कधी कधी किंमत असते," सोमनाथ म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. रविवारी सभेला येताना मला जिन्यात सोमनाथ आणि पल्लवी दिसले. ती त्याला हळू आवाजात समजावत होती. "हसला नाहीत तर आत्या नाही म्हणेल. आत्या नाही म्हणाली की बाबा नाही म्हणतील."

"हसतो की. पण कशाला हसायचं?"

"माझ्याकडे बघा," पल्लवी म्हणाली.

कॅसेट सुरू झाली. पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथे ती फक्त दोनच खुर्च्यांवरून दिसे, एक सोमनाथची आणि दुसरी माझी. तिने आधी आत्याचा चेहरा केला: हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, विनोदाची वाट पाहणारे. मग रावजींचा केला, कान पुढे करून बाईंच्या तोंडाकडे बघणारा. सोमनाथला हसू आवरेना. तो गदगदून हसला, आणि घोटाळा असा की, बाईंच्या आधी हसला.

अठरा माणसं त्याच्याकडे बघत राहिली. रावजी माझ्या कानाशी आले. "यांना आधी कळलं हो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी असा कापरा ऐकला नव्हता.

बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी त्या त्याच गाण्यात एक कडवं आधी हसल्या. पण पल्लवीनेही तोंडं वेंगाडायला आधीच सुरुवात केली होती, त्यामुळे सोमनाथ त्याच्याही आधी हसला. त्यापुढच्या सभेत बाई गाणं सुरू होताच हसल्या. तेव्हा सोमनाथ दोन गाण्यांमधल्या खरखरीला हसत होता. सभासदांची फार ओढाताण होऊ लागली. एका बाकावरचे बाईंच्या बाजूने हसत, दुसऱ्या बाकावरचे पिंपळगावच्या. शेवटी बाई कॅसेट डेकमध्ये घालतानाच हसल्या, आणि जिन्यात चपला काढत असलेला सोमनाथ खालून हसला. तो दिवस निर्णायक ठरला. बाईंनी डेकचं झाकण लावलं आणि येवल्याला भावाला फोन केला.

"हा माणूस बाहेर ठेवण्यासारखा नाही," त्या म्हणाल्या. "घरात घेऊ."

लग्न पिंपळगावला झालं. डेक मात्र त्यानंतर कोणी उघडला नाही, कारण आता गरज राहिली नव्हती. सभासद यायचे, बसायचे, बाई हसायच्या, सगळे हसायचे, चहा व्हायचा. विजेची बचत झाली. याच सुमारास गावोगावच्या बागांमधून सकाळी हास्यक्लब भरू लागले होते. आमची त्यांच्याशी तुलना करणं अन्यायाचं आहे. ते विनाकारण हसत. आमच्याकडे कारण होतं, आम्ही फक्त ते लावत नव्हतो. सन २००० मध्ये देवळाली कॅम्पला शाखा निघाली. तिथल्या लोकांनी तर ग्रबवेलसाहेबांची कॅसेट कधी पाहिलीही नव्हती, आणि हसण्यात ते आमच्या कितीतरी पुढे होते.

सन २००३ मध्ये द्राक्षांच्या निर्यातीच्या कामासाठी सोमनाथ इंग्लंडला गेला. एका दुकानात त्याला ओळखीचं नाव दिसलं: लेस्ली ग्रबवेल, पंचवीस वर्षांतील निवडक गाणी, दोन सीडींचा संच. कव्हरवर टक्कल पडलेला, दमलेल्या चेहऱ्याचा एक माणूस होता. सोमनाथने संच घेतला. ज्याच्यामुळे बायको मिळाली त्याचं काहीतरी घरात असावं, इतकाच त्याचा हेतू होता.

बाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी खास सभा बोलावली. विषय: ग्रबवेलसाहेबांच्या समग्र कारकिर्दीचे पुनरवलोकन. जुने नऊ सभासद पुढे, नवे आणि देवळालीकर मागे उभे. पल्लवीने घरून सीडी प्लेअर आणला होता. बाई रीतीप्रमाणे आधी हसल्या, आम्ही हसलो, आणि मग पल्लवीने बटण दाबलं.

खोलीत एक जाड, संथ, थोडा घोगरा आवाज आला.

"हे दुसरेच कोणी आहेत," रावजी म्हणाले.

चाल मात्र तीच होती. सोमनाथने जुना डेक उघडून पाहिला, चाक बोटाने फिरवलं. "बाई, याची मोटर पळती हाय. पहिल्यापासूनच पळत असणार." म्हणजे आमच्या इंग्रजीत खोट नव्हती, ग्रबवेलसाहेब आमच्याकडे दीडपट वेगाने गात होते. आता मात्र शब्द न् शब्द ऐकू येत होता. ते खरोखर विनोदी निघाले. पहिल्या गाण्यात ते आपल्या बॉसच्या विगबद्दल बोलत होते, दुसऱ्यात स्वतःच्या भित्रेपणाबद्दल. कोणी हसलं नाही. सगळे समजून घेत होते, आणि समजून घेताना हसायला सवड मिळत नाही.

मग आमचं पाचवं गाणं आलं.

त्यात एका म्हाताऱ्याची बायको वारलेली आहे. तिला संत्र्याचा मुरंबा आवडायचा, याला तो कडू लागतो. तरी दर आठवड्याला तो एक बरणी आणतो. फळी भरली, कपाट भरलं, आता तो बरण्या जिन्यात ठेवतो. रोज सकाळी पावाला मुरंबा लावून खातो, तोंड वाकडं करतो आणि समोरच्या खुर्चीला सांगतो की, लवकर संपव गं, आता घरात जागा नाही. हे वाक्य धृपदात चार वेळा येतं. त्या चारही जागा आमच्या पाठ होत्या.

मागे उभ्या असलेल्या देवळालीकरांपैकी दोघं सवयीने हसले आणि एकदम थांबले. रावजी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. गाणं संपलं.

"परत लाव," बाई म्हणाल्या.

पल्लवीने परत लावलं. दुसऱ्यांदा संपल्यावर बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"आमच्याकडे अजून दोन पेपर येतात," त्या म्हणाल्या. "ह्यांना शब्दकोडं सोडवायचं असायचं, मला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणून दोन. हे जाऊन बारा वर्षं झाली. पेपरवाल्या मुलाला दर महिन्याला सांगायचं ठरवते की एक बंद कर. आणि मग सकाळी त्यांचा पेपर त्यांच्या खुर्चीवर ठेवते आणि बडबडते, की लवकर सोडवा, मला रद्दी घालायची आहे."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"रद्दीवाला फार मान देतो मला," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. हनुवटी वर नव्हती, डोळे मिटलेले नव्हते. अंगातून धक्के बसावेत तशा हसत होत्या, खांदे हलत होते, आणि आम्हा चाळीस जणांपैकी एकालाही आता आपण हसायचं की नाही ते कळेना. पद्धतीत तशी सोयच नव्हती. पल्लवी उठून आत्याशेजारी जाऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि तीही हसत होती. सोमनाथ तिच्याकडे बघत राहिला. तो हसला नाही.

"बरोबर जागी हसत होतो की हो आपण," शेवटी रावजी म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "न कळताच लागून गेलं ते."

मंडळ अजून चालू आहे. सभासद पाच. बाकीचे देवळाली शाखेत गेले, तिथे काही लावत नाहीत. आम्ही सीडी पूर्ण ऐकतो. कोणी पहिल्या गाण्यात हसतं, कोणी घरी गेल्यावर, आणि रावजींचा एकदा मंगळवारी फोन आला की विगचं आत्ता कळलं. ही अव्यवस्था बाईंनी चालवून घेतली आहे.

सर्व हकीकत जशी घडली तशी कळवली आहे. छापताना संपादक वर 'उपरोधिक कथा' असे दोन शब्द घालतील. तेवढा त्यांचा अधिकार आहे. ते दोन शब्द वाचल्याबरोबर, माझं एकही वाक्य सुरू होण्याआधी, तुम्ही हसायला ओठ सैल करून बसला होतात. देवळाली शाखेत जागा शिल्लक आहे.