पुढची सीट, मागची सीट

जुनी गाडी घेताना माणसानं भरवसा कुणावर ठेवावा, तुम्हीच सांगा. विकणाऱ्यावर? त्याला ती विकायचीय. मेकॅनिकवर? त्याचं घर बिघडलेल्या गाड्यांवर चालतं. स्वतःच्या डोळ्यांवर? माझ्या डोळ्यांना चष्म्याशिवाय किमतीचा आकडा दिसत नाही. (दुकानात याचा फार उपयोग होतो. गिऱ्हाईकाला म्हणायचं, "तुम्हीच वाचा हो जरा," आणि तो वाचत असताना त्याचा चेहरा बघायचा.) मग राहता राहिली बायको. तिची गोष्ट पुढं येतेच आहे.

मी गाद्यांचा व्यापारी. शाळेत फार टिकलो नाही, पण हात मात्र शिकत गेला. कुठलीही गादी एकदा मुठीनं दाबली की आत काय आहे, किती वर्षांचं आहे आणि विकणारा किती खोटं बोलतोय, हे मला कळतं. धंद्यात मी एकच नियम पाळत आलो. जी वस्तू मनापासून आवडली, तिला विकणाऱ्यासमोर भरपूर नावं ठेवायची. लग्नानंतर पलंग घ्यायला गेलो तेव्हा हा नियम मी बायकोलाही शिकवला. ती माझ्या पुढं गेली. पुढं एकदा कपाट घेताना तिनं दुकानदाराला असं काही सुनावलं, की त्या बिचाऱ्यानं भाव तर कमी केलाच, वर कपाट घरी पोचवून माफी मागून गेला.

आता गाडीचं. आमच्या मुलीनं लांबच्या शहरात नवं घर केलं. वर्ष होत आलं तरी आम्हाला ते बघायला जमलं नव्हतं, कारण आमच्या हिला गाडी लागते. मोटार असो, बस असो, आगगाडी असो, दार बंद झालं की हिचा चेहरा पडलाच. उघड्यावर मात्र ठणठणीत! उभी हयात माझ्या स्कूटरच्या मागं बसून हिंडली. पण आता स्कूटर हिच्या कमरेला सोसत नाही. परवा मुलगी फोनवर म्हणाली, "आई, येणार की नाही ते एकदाच सांग. खिडकीची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. पण ह्यांनी तिथं कपडे वाळत घालायला सुरुवात केलीय."

हिनं फोन ठेवला आणि काही बोलली नाही. आमची ही बोलते तेव्हा मी घाबरत नाही.

मी तडक ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेठ, तुम्हाला स्पोर्ट-टूरिंग पाहिजे."

"म्हणजे काय?"

"मोटरसायकलच. स्पोर्ट म्हणजे पळणारी, टूरिंग म्हणजे लांबवर आरामात नेणारी."

"मग ही त्यातलं काय करते?"

"दोन्ही."

'मऊ पण कडक' अशी गादी मीही विकतो, त्यामुळे 'दोन्ही' म्हणणाऱ्याकडे मी जरा बारकाईनं बघतो. त्यानं आणखी बरंच सांगितलं. चेन बघा, पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय का बघा, टायर कधीचे आहेत ते टायरवरच वाचा, इंजिनला हात लावून बघा. यातलं 'सुरू करायच्या आधी' हे शब्द माझ्या डोक्यात राहिले नाहीत. त्याची खूण तळहातावर अजून आहे.

गाडी निघाली दातांच्या एका डॉक्टरांकडे. हिला घेऊन बघायला गेलो, तर दवाखान्यामागच्या अंगणात कव्हर घालून ठेवलेली. डॉक्टर म्हणाले, "आम्हाला जुळं झालं हो. हिच्यावर कुणाला बसवायचं आणि कुणाला घरी ठेवायचं?" कव्हर निघालं आणि मी चष्मा चढवला. करड्या रंगाची, पुढं वाऱ्याला अडवणारी काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि मागं बसणाऱ्याला धरायला भक्कम दांड्या. वर चढून बसलो तर पायांची फक्त बोटं टेकली. (खाली उतरताना डॉक्टरांनी हात दिला. मी तो व्यापारी बाण्यानं घेतला.) मग सीटवर मूठ दाबली. फोम सावकाश, ऐटीत वर आला. पुढचाही, मागचाही. अव्वल माल! मनात म्हटलं, बायको पोचली मुलीकडे.

तेव्हा लगेच तोंड वाकडं केलं. "फोम बसलाय, डॉक्टर. पुढचा तर पार गेला."

ही मागच्या सीटवर चढून बसली. पाठ ताठ, दोन्ही हात दांड्यांवर. क्षणभर तिचा चेहरा असा झाला, जसा नव्या जोडप्याचा आमच्या दुकानातल्या सर्वांत महाग गादीवर बसल्यावर होतो. मग तीही म्हणाली, "आवाज फार आहे. डोक्यात जातो."

"अजून सुरू कुठं केलीय?" डॉक्टर म्हणाले.

"केल्यावर जाईल."

डॉक्टरांनी सुरू केली आणि बराच वेळ चालू ठेवली. मी मेकॅनिकच्या सांगण्याप्रमाणे इंजिनला हात लावला. पुढचा थोडा वेळ दवाखान्यात गेला.

घरी चालत येताना मी हळूच विचारलं, "कशी वाटली?"

"तुम्हीच म्हणालात ना, फोम बसलाय."

"हो... म्हणालो खरा. आणि तुला आवाजाचा त्रास."

"हो. त्रास."

आता बघा, इथं माझा गोंधळ झाला. विकणाऱ्यासमोर नावं ठेवायची हा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. पण समोरच्यानं तो आत्ता वापरला की खरंच सांगितलं, हे ओळखायचं कसं, याचा नियम मी शिकवलाच नव्हता. मला वाटलं, हिला आवाज खरंच सोसत नाही. विचारून विचारून तिला अवघडून टाकण्यापेक्षा गुपचूप घ्यावी, सायलेन्सर बदलून घ्यावा आणि एकदम दारात उभी करावी. मनाशी हे इतकं पक्कं झालं, की मुलीला फोन करून सांगूनही टाकलं, "कपडे काढ त्या खोलीतून. आई येतेय. पण तिला बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून माझा भाव सांगितला. ते म्हणाले, "अहो, सकाळीच एक बाई बोलून गेल्या. तुमच्यापेक्षा जास्त देतायत."

"कोण बाई?"

"नाव नाही सांगणार. लोकांच्या दाढा आणि गिऱ्हाईकांची नावं मी बाहेर बोलत नाही. कमरेचा त्रास आहे त्यांना, म्हणून मागची सीट आवडली. नवरा फार हट्टी आहे म्हणे, त्याला न सांगताच घ्यावी लागतेय."

"असल्या माणसाच्या बायकोची कीव येते," मी म्हटलं आणि भाव चढवला.

संध्याकाळी बाईंनी माझ्यावर चढवला. सकाळी मी बाईंवर. डॉक्टर आधी खूश होते, मग ते काळजीत पडले, शेवटी म्हणाले, "तुम्ही दोघं एकदा समोरासमोर का बसत नाही?" मी म्हटलं, "त्या बाईंचं तोंडही बघायचं नाही मला!"

त्या दिवसांत एकदा मी न्हाणीघरातून फोन संपवून बाहेर आलो, तर ही गॅलरीतून फोन घेऊन आत येत होती.

"कुणाशी बोलत होतीस?"

"दातांच्या डॉक्टरांशी. दाढ दुखतेय. आणि तुम्ही?"

"मीही त्यांच्याशीच. दाढच."

(माझ्या तोंडात दाढा उरल्यात मोजून दोन, आणि त्या दोघी गुण्यागोविंदानं राहतात.) हिनं मला लवंग दिली, मी तिला लवंग दिली. एकाच घरात एकाच वेळी दोन दाढा दुखाव्यात याचं मला नवल वाटलं. त्यापलीकडे माझं डोकं गेलं नाही. दुकानात हेच डोकं गिऱ्हाईकाच्या चपला बघून त्याची ऐपत सांगतं!

आणि मग डॉक्टरांचा फोन आला. "गाडी गेली. बाईंनी पैसे आणून दिले." मी गल्ल्यावर तसाच बसून राहिलो. मोटरसायकल गेल्याचं एवढं नव्हतं हो. पण तिकडे मुलगी कपडे काढून खोली झाडत असणार, आणि इकडे मी तिच्या आईला काय म्हणून नेणार?

दोन दिवसांनी आतल्या खोलीत गेलो, तर आमचा कारागीर कामाच्या टेबलावर काहीतरी उसवत बसलेला. नेहमी कानामागं गाद्या शिवायची मोठी सुई खोचलेली असते, म्हणून त्याला सगळे दाभण म्हणतात. टेबलावर मोटरसायकलची सीट होती. मी सवयीनं मूठ दाबली, आणि फोम सावकाश, ऐटीत वर आला. माणूस चेहरा विसरेल, मूठ फोम विसरत नाही.

"ही कुणाची रे?"

"गिऱ्हाईकानं सांगू नको म्हटलंय, शेठ. मागचं तसंच ठेवायचंय, पुढचं नव्यानं भरायचं. पुढं बसणाऱ्याला फोम बसलेला वाटतो म्हणे."

म्हणजे तो हट्टी नवरा! माझ्या बायकोची गाडी पळवून वर याला हा फोम चालत नाही! माझं डोकं फिरलं.

"पुढं कातरण भर."

"कातरण? अहो, कापून उरलेले चिंध्यांचे तुकडे ते! गाठी होतात त्याच्या."

"होऊ देत. वरून चांगल्या फोमचा पातळ थर दे. हातानं दाबून कळता कामा नये. बसून अर्ध्या तासानं कळलं पाहिजे."

दाभणनं सुई कानामागून काढली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कानामागं खोचली. "शेठ, नक्की ना? नंतर मला बोलायचं नाही."

"त्याला चांगली अद्दल घडू दे!"

"बरं बाबा," दाभण म्हणाला. "घरच्या गोष्टीत मी कशाला पडू."

हे वाक्य मी ऐकलं. त्याचा अर्थ विचारायला हवा होता, एवढंच राहून गेलं.

रविवारी सकाळी ही म्हणाली, "अहो, जरा खाली चला." खाली फाटकाशी ती उभी होती. करडी, काचेची, पेट्यांची, दांड्यांची.

"घेतली," ही म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी आवडली होती. तुम्हाला पुढचा फोम बसलेला वाटला, म्हणून आपल्याच दुकानात नवा भरून घेतला. दाभणला बजावलं, मालक बसणार आहेत, जीव ओतून भर."

"अगं, पण... आवाज?"

"तुम्हीच शिकवलंत ना, नावं ठेवायची? मधे कुणीतरी मेला उगाच भाव चढवत होता. भलताच अडेल. असल्या माणसाच्या बायकोची कीव येते."

मला एकेक गोष्ट ओळीनं कळत गेली. आधी भाव कळला, मग लवंग कळली, मग आम्हा दोघांना ओळखूनही नावं न फोडणारे डॉक्टर कळले. सीटचं मात्र मुलीकडे निघायला वर चढून बसलो तेव्हा आठवलं; पेट्या हिनं आधीच भरून ठेवल्या होत्या. मी बसल्या बसल्या हळूच दाबून बघितलं. मऊ लागलं. दाभणचं काम चोख होतं.

बरोबर अर्ध्या तासानं ते मला आणखी चोख वाटायला लागलं.

मागं ही एवढी खुशीत होती, की काय सांगू! गाणं म्हणत होती. "अहो, काय गाडी आहे! कंबर आहे की नाही तेसुद्धा कळत नाही!" माझं जे काही होतं ते सगळं मला कळत होतं. प्रत्येक खड्ड्याला एक गाठ वर यायची, आणि दुर्दैव असं की मी गाठी ओळखत होतो. डाव्या बाजूची जाड पडद्याच्या कापडाची, उजवीकडची बहुतेक सोफ्याची. मधली कशाची ते अजून कळलेलं नाही, पण तिनंच सर्वांत जास्त छळलं. शेवटी मी पायांच्या दांड्यांवर उभा राहून गाडी चालवायला लागलो.

"असे उभे का?"

"रस्ता बघतोय."

"बघा, बघा," ही म्हणाली आणि पुढचं कडवं सुरू केलं.

रस्त्यात एक मुक्काम करून मुलीच्या घरी पोचलो. हिनं हेल्मेट काढलं, जिना चढली आणि थेट त्या खिडकीच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मुलगी मागून येऊन तिला बिलगली. दोघीही काही बोलल्या नाहीत, आणि त्या एकदाच हिच्या न बोलण्यानं मी घाबरलो नाही. जावई माझ्यासाठी खुर्ची घेऊन आले. "बसा ना, बाबा."

"नको, उभाच बरा. खिडकीतून छान दिसतंय."

जेवणही मी खिडकीशीच उभं राहून केलं. मग बाहेर जाऊन दाभणला फोन लावला. "सीटमधला काढलेला फोम जपून ठेव रे."

"तो माझ्या स्टुलाला लावला की, शेठ. काय मऊ आहे!"

आठवडा तिथं आनंदात गेला. त्यांचा बसून, माझा उभं राहून. निघायच्या दिवशी मी गाडीकडे असा चाललो होतो, जसा माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातो. हिनं डाव्या बाजूची पेटी उघडली आणि आतून एक उशी काढून माझ्या हातात दिली. आमच्याच दुकानातली, अव्वल फोमची.

"ही कुठून आली?"

"घरूनच आणलीय. सीट न्यायला गेले तेव्हाच दाभणनं मला सगळं सांगितलं. कुणाला अद्दल घडवणार होतात तेही सांगितलं. मग भाव कोण चढवत होतं, ते मला वेगळं विचारावं लागलं नाही."

"म्हणजे येताना सबंध रस्ताभर उशी पेटीत होती? अगं, मग दिली का नाहीस?"

"तुम्ही मागितली कुठं? तुम्ही तर रस्ता बघत होतात." ती मागं चढली आणि दांड्या धरल्या. "आणि जाताना लांबच्या रस्त्यानं चला. मला नदी बघायचीय."

तर मंडळी, एवढी एक विनंती. ही गोष्ट कुठं सांगाल तर हिशेब प्रामाणिकपणे मांडा. चढलेला भाव माझ्या नावावर, कातरण माझ्या नावावर, उशी तिच्याकडे जमा. दाभणच्या स्टुलातला फोमही विसरू नका, तो माझं येणं आहे. मीच मांडला असता हिशेब, पण त्याला जरा वेळ बसावं लागतं.