बबनअण्णा आणि माझ्या गाडीचा गार्ड

मोटरसायकल दिसली की बबनअण्णा तिच्याशेजारी आडवे होतात. म्हणजे अगदी खरोखर. अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि माणूस जुन्नरच्या भर बाजारपेठेत दुसऱ्याच्या गाडीखाली डोकं घालून पडलेला. गाडीचा मालक घाबरून धावत येतो, कुणीतरी पाण्याचा तांब्या आणतं. अण्णा खालूनच हात वर करतात, "काय नाय झालं राव. इंजिन जमिनीपासून किती वर हाय, त्येवढं बघतोय."

अण्णा आमच्या शाळेत हेडक्लार्क होते. मी तिथं गणित शिकवायचो. दाखले, पगारबिलं, मस्टर या कामांत अण्णा अबोल. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप. पण मोटरसायकलच्या लेगगार्डाचा विषय निघाला की थांबायचे नाहीत. गाडी पडली तर इंजिन आणि पाय वाचावेत म्हणून पुढं लोखंडी नळीचं कडं लावतात, तो हा गार्ड. नवी गाडी घेतलेल्या माणसाकडं बाकीचे पेढे मागत, अण्णा विचारत, "पडणार कुठल्या अंगावर?"

एकदा त्यांनी हा प्रश्न हेडमास्तरांच्या जावयाला विचारला. गाडीला हार घातलेला, नारळ फुटायचा बाकी. जावई नारळ हातात धरून तसाच उभा राहिला. हेडमास्तर दोन दिवस अण्णांशी बोलले नाहीत. अण्णांना त्यात काय चुकलं ते कळलंच नाही. "इचारलेलं बरं ना, सर. पडल्यावर इचारून काय उपेग?"

दोन हजार सालाच्या पुढंमागं मी दीडशे सीसीची गाडी घेतली. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सुनीता, माझी बायको, दोघांनी कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यानं रत्नागिरीपर्यंत जायचं ठरवलं होतं. सुनीताची अट एकच, गाडीला गार्ड हवा. मी स्टाफरूममध्ये सहज बोलून गेलो, "संध्याकाळी एखादा बसवून घेतो."

"एखादा?" दारातून आवाज आला. अण्णा मस्टर घेऊन उभे होते. "सर, तुमी चप्पल तरी एखादी घेता का?"

तिथून पुढं तीन आठवडे माझी गाडी माझी राहिली नाही.

जुन्नरमधली दोन दुकानं आम्ही पहिल्याच दिवशी संपवली. अण्णा गार्ड हातात घेत, किल्लीनं वाजवत, कान लावून ऐकत आणि परत ठेवत. "पत्रा हाय. वर नुसती चमक." मग नारायणगाव. तिथल्या दुकानदारानं अभिमानानं जाड नळीचा गार्ड काढला. अण्णांनी तो जमिनीवर आडवा ठेवला आणि दोन्ही पायांनी वर उभे राहिले. दुकानदार ओरडला, "अहो पावणं, वाकंल ना त्यो!"

"वाकायलाच पायजे," अण्णा वरूनच शांतपणे म्हणाले. "गार्ड वाकला न्हाई तर सगळा मार फ्रेमला बसतो. गार्डानं सोता मरायचं, गाडीला मरू द्यायचं न्हाई. पन ह्यो वाकतच न्हाई. चला सर."

पुण्याला नाना पेठेतल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांतही जाऊन आलो. तिथं एक गार्ड मला फार आवडला. रुबाबदार होता. अण्णा गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते मान हलवतच. "इंजिनच्या नटाला आवळतोय. म्हंजे पडल्यावर धक्का सरळ इंजिनच्या छातीत. गार्ड फ्रेमला धरला पायजे." मी वैतागून म्हणालो, "अण्णा, मी पडायला निघालो नाही, फिरायला निघालोय." ते पाठीची धूळ झटकत म्हणाले, "पडनारे समदेच फिरायला निगाल्याले असत्यात."

शेवटी अण्णांनी स्वतःच वहीच्या पानावर गार्डाचं चित्र काढलं आणि मला बेल्ह्याला नेलं. तिथं त्यांच्या ओळखीचा एक वेल्डर होता. एरवी गोठ्याच्या गव्हाणी, बैलगाडीचे आस असली कामं करायचा. नेमका गुरांच्या बाजाराचा दिवस. वेल्डरनं पुढचं कडं सुरेख केलं. अण्णांनी मागंही एक लहानसा बार बसवून घेतला, मागच्या माणसाच्या पायापाशी. तो मी कुठल्याच दुकानात बघितला नव्हता.

"झालं?" मी विचारलं.

"आता पाडायची."

"काय?"

"गाडी. पाडल्याबिगर कसं कळंल?"

अण्णांनी बाजारातून दोन लांबट दुधी भोपळे आणले. एक चालवणाऱ्याचा पाय, एक मागं बसणारीचा. दोन्ही गाडीवर आपापल्या जागी सुतळीनं बांधले. बैल सोडून व्यापारी आमच्याभोवती जमले. एकानं गाडीच्या टाकीवर हात फिरवून, बैलाचं वय विचारावं तसं विचारलं, "किती दाती हाय?" दुसरा म्हणाला, "खाली बसत आसंल तर घिऊ नका भाऊ." माझी गाडी महिन्याची होती. मी डोळे मिटले. अण्णांनी आणि वेल्डरनं ती डाव्या अंगावर सोडून दिली.

लोकांचा गलका ऐकून डोळे उघडले. आरसा फुटला होता. पुढचा दुधी जसाच्या तसा. मागचा मात्र पार चेचला होता. लोक हसत होते. "कोशिंबीर झाली राव!" मलाही हसू आलं. अण्णा हसले नाहीत. ते तो फुटका दुधी हातात घेऊन खाली बसले. मग वेल्डरला म्हणाले, "मागला बार काढ. वीतभर पुढं घे. आजून जाड नळी लाव."

नवा दुधी बांधून दुसऱ्यांदा पाडली तेव्हा दोन्ही दुधी शाबूत राहिले. या खेपेला इंडिकेटरही गेला.

आम्ही रत्नागिरीला जाऊन सुखरूप परत आलो. एकदासुद्धा पडलो नाही. हे सांगितल्यावर अण्णांचा चेहरा जरा उतरलाच. "कुटंच न्हाई? वाळूत बी न्हाई?" मग टेबलावरचे कागद उगाच सारखे करत म्हणाले, "सर, एक काम व्हतं. म्या बी तसलाच गार्ड करून घेतलाय माज्या गाडीला. तुमी एकदा घरी येऊन आमच्या मंडळीला सांगा. ती गाडीवर बसाया लई भेती. तुमचं ऐकंल."

रविवारी सकाळी सुनीताला घेऊन गेलो. कुसुमकाकूंना मी पहिल्यांदाच भेटत होतो. हसऱ्या बाई, डाव्या पायानं जराशा लंगडत चहा घेऊन आल्या. मी गणिताच्या मास्तरासारखा गार्ड समजावून सांगितला. काकूंनी पदराआड हसू दाबलं.

"मी भेते म्हनले का हे?"

अण्णा अंगणात गाडी पुसत होते. काकूंनी आवाज खाली केला. "बारा वर्सं झाली. तवा हे तळेघरला शाळेवर व्हते. उताराला खडीवरून गाडी घसरली, माजा पाय खाली आला. ह्यांना खरचटलं बी न्हाई. कुनी इचारलं तर मी सांगायची, काटा मोडलाय. ह्यांना कुनी बोल लावू न्हाई म्हनून. पन ह्यांनीच घेतलं मनाला. तवापास्नं मला गाडीवर बसवत न्हाईत. माहेराला, ओतूरला जायचं तर मला येष्टीत बसवून देत्यात आन सोता गाडीवर येष्टीच्या मागं मागं येत्यात. मी मागल्या खिडकीतून बघती, हे आपले धूळ खात येत्यात." त्यांनी रिकामे कप ताटलीत ठेवले. "मी कवाच भ्याले न्हाई, सर."

काकू उठल्या, पदर कमरेला खोचला, चपला घातल्या आणि अंगणात गेल्या. आम्ही मागोमाग.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुटं?" अण्णांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"कुटं बी. मारा किक."

तीन किकांत गाडी सुरू झाली. काकू मागं बसल्या, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. अण्णा दोन्ही पाय जमिनीला घासत निघाले. गाडी इतकी हळू, की बाजूनं चाललेली एक शेळी पुढं निघून गेली. गल्लीच्या वळणापर्यंत इंजिन पहिल्या गिअरमध्ये ओरडत राहिलं.

वळणावर ती दोघं दिसेनाशी झाली. मग काकूंचा आवाज आला, अगदी खणखणीत, "अवं, पाय वर घ्या आन दुसरा टाका की आता!"

मी आणि सुनीता अंगणात कान देऊन उभे राहिलो. मग खट् असा आवाज झाला, इंजिनाचा सूर बदलला, आणि गाडी ओतूरच्या रस्त्याला लागली.